हान्स नीट कसं बसवावं: हेल्मेट, टेदर, बेल्ट आणि सीट यांचा सविस्तर हिशोब

शर्यतीच्या गाडीला समोरून जोरदार धडक बसली की हार्नेसचे, म्हणजे अनेक टोकांच्या सीटबेल्टचे, पट्टे ड्रायव्हरची छाती आणि कंबर धरून ठेवतात. डोक्याला मात्र कशाचाच आधार नसतो. माणसाचं डोकं साधारण साडेचार किलोचं, त्यावर दीड किलोचं हेल्मेट. म्हणजे सहा किलोचं वजन पुढे झेपावतं आणि ते अडवायला फक्त मान उरते. धडकेत गाडीचा वेग ज्या झपाट्याने उतरतो तो गुरुत्वाकर्षणाच्या ५० पट असेल, तर त्या क्षणी मानेवर सुमारे ३०० किलोची ओढ येते. मज्जारज्जू जिथून कवटीबाहेर पडतो त्या तळाच्या भागात हाड तडकतं. डॉक्टर याला बेसिलर स्कल फ्रॅक्चर म्हणतात. अंगावर दुसरी मोठी जखम नसतानाही ड्रायव्हर दगावतो, तो अनेकदा यामुळे.

ही ओढ मानेवरून काढून छातीवर आणि बेल्टवर टाकणं, एवढंच हान्सचं, म्हणजे डोकं आणि मान सांभाळणाऱ्या या उपकरणाचं, काम. खांद्यांवर जोखडासारखा बसणारा योक, त्याच्या मागच्या उभ्या कॉलरपासून हेल्मेटच्या दोन्ही बाजूंना जाणारे पट्टे म्हणजे टेदर, आणि योकवरून जाणारे शोल्डर बेल्ट. बेल्टने योक धरायचा, योकने टेदर धरायचे आणि टेदरने हेल्मेट. यातला एक दुवा जरी ढिला असला तरी बाकी तिघांचा उपयोग नाही. दुकानात योकच्या किमतीवर, कार्बनवर आणि वजनावर खूप चर्चा होते. गाडीत चुका होतात त्या बहुतेक बेल्टच्या आणि सीटच्या. म्हणून या लेखात खरेदीपेक्षा बसवण्यावर जास्त जागा खर्च केली आहे.

हे उपकरण आलं कुठून

१९८१ मध्ये अमेरिकेतल्या मिड-ओहायो ट्रॅकवर चाचणी चालू असताना फ्रेंच ड्रायव्हर पॅट्रिक जाकमार यांचा मृत्यू झाला, कारण हेच फ्रॅक्चर. त्यांच्याच मालिकेत शर्यती करणारे जिम डाउनिंग यांनी आपले मेहुणे डॉ. रॉबर्ट हबर्ड यांच्याकडे हा प्रश्न नेला. हबर्ड मिशिगन स्टेट विद्यापीठात बायोमेकॅनिक्सचे प्राध्यापक होते. त्यांनी केलेलं उपकरण पुढची कित्येक वर्षं फारसं कुणी घेतलं नाही; अवजड आहे, मान अडकल्यासारखी वाटते, ही तक्रार. १९९४ मध्ये इमोला इथे फॉर्म्युला वनचे ड्रायव्हर रोलंड रात्झेनबर्गर अपघातात दगावले, त्यानंतर फॉर्म्युला वनने एअरबॅगचा विचार केला, पण चाचण्यांत हान्स सरस ठरलं. नॅस्कार या अमेरिकी शर्यतमालिकेत २००० या एकाच वर्षी ॲडम पेटी, केनी अर्विन आणि टोनी रोपर हे ड्रायव्हर दगावले, आणि १८ फेब्रुवारी २००१ रोजी डेटोनाच्या शेवटच्या फेरीत डेल अर्नहार्ट. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नॅस्कारने डोकं-मान संरक्षण सक्तीचं केलं, २००३ मध्ये फॉर्म्युला वनने.

आज नियमांच्या भाषेत या सगळ्या प्रकारांना मिळून एफएचआर (फ्रंटल हेड रिस्ट्रेंट) म्हणतात. हान्स हा त्यातला एक प्रकार. भारतात बोलताना मात्र सगळ्यालाच हान्स म्हटलं जातं, इथेही तसंच म्हणू.

आधी हे ठरवा: तुमच्या गाडीला हान्स चालतं का

गो-कार्टमध्ये हान्स वापरायचं नाही. कार्टला बेल्टच नसतो, त्यामुळे योक धरून ठेवणारं काही नाही. धडकेत योक हेल्मेटसोबतच उडेल. कार्टसाठी मानेचा कॉलर किंवा कडक नेक ब्रेस आणि बरगड्यांचं प्रोटेक्टर ही वेगळी साधनं आहेत. कोल्हापूर किंवा पुण्यात कार्टिंगने सुरुवात करून पुढे फॉर्म्युला गाडीत किंवा रॅलीत जाणाऱ्या मुलांच्या पालकांनी हे लक्षात ठेवावं: कार्टचा मऊ कॉलर बंद गाडीत हान्सची जागा घेऊ शकत नाही. तो डोक्याला थोडा टेकू देतो, पुढे फेकलं जाणारं डोकं थांबवत नाही.

कंपनीने दिलेल्या नेहमीच्या तीन टोकांच्या सीटबेल्टवरही हान्स चालत नाही. तो बेल्ट एकाच खांद्यावरून जातो, दुसऱ्या बाजूचा योक मोकळा राहतो. ट्रॅक डेला घरची गाडी घेऊन जाणाऱ्यांची इथे फार गल्लत होते. छातीभोवती स्वतःचे पट्टे असलेली हायब्रिड प्रकारची काही उपकरणं बेल्टवर कमी अवलंबून असतात आणि त्यांतली काही तीन टोकांच्या बेल्टसोबत वापरता येतात. पण ते त्या मॉडेलच्या माहितीपुस्तिकेत स्पष्ट लिहिलेलं असेल तरच.

म्हणजे हान्ससाठी लागतं ते पाच किंवा सहा टोकांचं हार्नेस, बकेट सीट, आणि शोल्डर बेल्ट बांधायला योग्य उंचीवर पक्की जागा, बहुधा रोल केजचा, म्हणजे गाडीच्या आत बसवलेल्या पोलादी पिंजऱ्याचा, आडवा पाइप. हे नसेल तर हान्सचे पैसे आधी इकडे लावा.

शिक्के आणि तारखा

योक आणि टेदर यांच्यावर एफआयए या मोटरस्पोर्टच्या जागतिक संघटनेचं ८८५८-२००२ किंवा ८८५८-२०१० हे लेबल हवं, किंवा एसएफआय या अमेरिकी मानक-संस्थेचं ३८.१. एफआयएच्या नियमांखाली होणाऱ्या स्पर्धेत निव्वळ एसएफआयचं लेबल चालत नाही. भारतातल्या स्पर्धा एफएमएससीआय या इथल्या मोटरस्पोर्ट संघटनेच्या नियमांखाली होतात, त्यामुळे खरेदीआधी त्या वर्षीची नियमपुस्तिका आणि तुमच्या स्पर्धेचे पुरवणी नियम वाचा. लेबलांची यादी दरवर्षी बदलते. मित्राला गेल्या हंगामात चाललेलं हेल्मेट यंदा स्क्रूटिनीत, म्हणजे स्पर्धेआधीच्या तांत्रिक तपासणीत, नाकारलं जाऊ शकतं.

एसएफआयचं उपकरण दर पाच वर्षांनी पुन्हा प्रमाणित करून घ्यावं लागतं. हार्नेसचा हिशोब वेगळा: एसएफआय १६.१ किंवा १६.५ चे बेल्ट दोन वर्षं, एफआयए ८८५३-२०१६ चे बेल्ट उत्पादनाच्या वर्षानंतर पाचव्या वर्षाच्या अखेरीपर्यंत. एफआयएच्या बेल्टवर शेवटचं वर्ष छापलेलंच असतं. सीटलाही वय आहे: ८८५५-१९९९ ची सीट पाच वर्षं, ८८६२-२००९ ची दहा. गाडीच्या लॉगबुकच्या पहिल्या पानावर या तिन्ही तारखा एकाखाली एक लिहून ठेवा.

नकली मालाबद्दल एफआयएने वेळोवेळी सावध केलं आहे. ऑनलाइन निम्म्या किमतीत मिळणारा योक दिसायला हुबेहूब असतो, लेबलही असतं. टेदरच्या शिवणीत आणि आतल्या थरांत काय आहे ते धडकेतच कळतं. विक्रेता अधिकृत आहे का हे उत्पादकाकडून पडताळा, आणि लेबलवरचा क्रमांक बिलावर लिहून घ्या.

कोन आणि माप

हान्सचे योक १०, २०, ३० आणि ४० अंशांत मिळतात. हा कोन म्हणजे ड्रायव्हर किती मागे रेलून बसतो त्याचा हिशोब. अगदी ताठ बसायच्या गाडीला १०, रॅली आणि सलून गाड्यांना बहुतेक वेळा २०, मागे रेललेल्या स्पोर्ट्स आणि फॉर्म्युला गाड्यांना ३०, आणि फॉर्म्युला वनसारख्या जवळजवळ आडव्या बैठकीला ४०. भारतातल्या रॅली आणि टूरिंग कार ड्रायव्हरने २० पासून सुरुवात करावी.

कोन चुकला की तो लगेच जाणवतो. मागची कॉलर हेल्मेटला ढकलते आणि हनुवटी छातीकडे जाते, किंवा योकची पुढची टोकं छातीवरून उचलली जातात. म्हणून योक दुकानात उभ्याने घालून निवडू नका. रेसिंग सूट अंगावर घालून, हेल्मेटसह, आपल्याच सीटमध्ये बसून बघा. ते शक्य नसेल तर सीटच्या पाठीचा कोन मोबाइलमधल्या कोनमापकाने मोजून विक्रेत्याला सांगा.

माप मानेच्या घेरावर ठरतं. मध्यम माप साधारण ३८ ते ४६ सेंटीमीटर घेराला बसतं. शर्टाच्या कॉलरचा नंबर माहीत असेल तर तोच आकडा चालतो. घट्ट योक गळपट्टीच्या हाडावर टोचतो, सैल योक बेल्टखालून बाजूला सरकतो. दुसरा दोष जास्त धोकादायक, कारण तो दुखत नाही.

कार्बन घ्यावं की साधं संमिश्र? दोन्ही एकाच चाचणीतून गेलेले असतात. कार्बनमुळे काही शे ग्रॅम कमी होतात, लांब स्टेजनंतर खांद्यांना ते कळतं. सुरक्षितता विकत घेतोय असं समजून मात्र जास्त पैसे देऊ नका. त्या फरकात नवे बेल्ट येतात.

हेल्मेट

मोटरसायकलचं हेल्मेट, कितीही महाग असलं तरी, चालणार नाही. स्नेल या हेल्मेट तपासणाऱ्या संस्थेच्या, मोटर शर्यतींसाठीच्या एसए मानकात आगीची चाचणी आणि रोल केजच्या पाइपसारख्या वस्तूवर आपटण्याची चाचणी असते. मोटरसायकलसाठीच्या एम मानकात ती नसते. एसए२०१५ पासूनच्या स्नेल हेल्मेटमध्ये टेदरच्या अँकरसाठी (टेदर जिथे अडकतो तो खिळा) एम६ आट्यांची भोकं कारखान्यातूनच येतात. एफआयए ८८५९ आणि ८८६० या मानकांची हेल्मेटंही हान्ससाठीच बनलेली.

माप घेताना टेप भुवयांच्या वर साधारण अडीच सेंटीमीटरवरून, डोक्याच्या मागच्या सर्वांत फुगीर भागावरून फिरवा. हेल्मेट घातल्यावर गाल दाबले गेले पाहिजेत. दोन्ही हातांनी हेल्मेट डावी-उजवीकडे फिरवा: कपाळाची आणि गालाची कातडी हेल्मेटबरोबर हलली पाहिजे, हेल्मेट कातडीवरून घसरता कामा नये. मग हनुवटीचा पट्टा दोन्ही डी-रिंगमधून ओवून घट्ट करा आणि कुणाला तरी हेल्मेटची मागची कड धरून वर-पुढे ओढायला सांगा. ते डोक्यावरून निघत असेल तर एक माप कमी घ्या. हान्सच्या बाबतीत ही चाचणी जास्तच महत्त्वाची आहे, कारण टेदर हेल्मेटला धरतात, डोक्याला नाही. हेल्मेटमधून डोकं निसटलं तर टेदरने रिकामं हेल्मेट धरलं, एवढंच.

नवीन हेल्मेट गालांवर जरा जास्तच आवळतं. आतली गादी काही तास वापरल्यावर बसते, तेव्हा दुकानात आरामदायक वाटलेलं हेल्मेट हंगामाच्या मध्यावर सैल झालेलं असतं.

जुन्या हेल्मेटला स्वतः ड्रिल मारून अँकर बसवू नका. भोकाच्या जागी कवच कमकुवत होतं, अँकरची जागा काही मिलिमीटर चुकली तरी ओढीची दिशा बदलते, आणि स्क्रूटिनीत ते हेल्मेट बाद होतं. रंगकामाचंही तसंच: स्प्रे पेंट आणि थिनरमधली रसायनं कवच आणि आतला थर्माकोलसारखा थर खातात. को-ड्रायव्हरशी बोलायचा इंटरकॉम उत्पादकाने सांगितलेल्या पद्धतीनेच बसवा, माइकसाठी वेगळं भोक पाडून नव्हे.

अँकर आणि टेदर

हेल्मेटच्या दोन्ही बाजूंना अँकर बसवणं हे दहा मिनिटांचं काम, पण घाईत करायचं नाही.

१. भोकातले आटे स्वच्छ आहेत का बघा. रंगाचा किंवा धुळीचा थर असेल तर मऊ ब्रशने काढा. त्यातून टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवू नका.
२. उत्पादकाने दिलेलाच स्क्रू वापरा. लांब स्क्रू आत गादीतून डोक्याकडे निघतो, आखूड स्क्रूला पुरेसे आटे मिळत नाहीत.
३. माहितीपत्रकात सांगितलं असेल तर आट्यांवर लॉकटाइटचा (स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या द्रवाचा) एक थेंब.
४. पत्रकात छापलेल्या टॉर्कपर्यंतच आवळा, छोटा टॉर्क रेंच वापरून. अंदाजाने आवळलेला एम६ स्क्रू हेल्मेटमधला आटा सहज फिरवून टाकतो, आणि तो आटा घरी दुरुस्त होत नाही.
५. डावा-उजवा अँकर सारख्याच दिशेला वळलेला आहे ना, ते समोरून बघा.

टेदर दोन प्रकारचे. एका प्रकारात दोन्ही बाजूंचे टेदर वेगवेगळे, आपापल्या जागी पक्के असतात. दुसऱ्यात एकच दोरी कॉलरमधून सरकते. डोकं डावीकडे वळवलं की डावीकडची लांबी उजवीकडे जाते. आरसे सतत बघावे लागतात त्या सर्किट रेसिंगला आणि हेअरपिनमध्ये डोकं वळवाव्या लागणाऱ्या रॅलीला सरकता टेदर सोयीचा. टेदरची लांबी उपकरणानुसार ठरलेली असते. मान मोकळी वाटावी म्हणून लांब टेदर लावणं किंवा गाठ मारून आखूड करणं, दोन्ही सारखंच चुकीचं. लांब टेदर उशिरा ताणला जातो, आणि त्या मधल्या क्षणात सगळी ओढ मानेवर येते.

टेदर हे झिजणारं सामान आहे. त्यावरच्या पट्टीवर तारीख असते. कडा फिसकटल्या, शिवण उसवली, पेट्रोल किंवा बॅटरीचं ॲसिड सांडलं, तर तारीख शिल्लक असली तरी बदला. संपूर्ण संचात हाच सर्वांत स्वस्त भाग आहे.

बेल्ट आणि सीट: इथे घाई नको

शोल्डर बेल्ट योकच्या दोन्ही पायांवर, मधोमध, सपाट बसला पाहिजे. बेल्टचा एक भाग योकवर आणि एक खांद्यावर असं झालं तर जोर वाटला जातो आणि योक तिरका होतो. तो तिरका झाला की धडकेत बेल्ट त्यावरून घसरतो, आणि पुढचं सगळं संपतं.

हान्ससाठी खास शोल्डर बेल्ट मिळतात: योकवरून जाणारा भाग ५० मिलिमीटर, बाकीचा ७५. अरुंद पट्टा योकच्या खाचेत नेमका बसतो. पूर्ण ७५ मिलिमीटरचा बेल्टही चालतो, पण तो वारंवार कडेला येतो. यातली खबरदारी अशी की ५० मिलिमीटरचा शोल्डर बेल्ट हान्सशिवाय वापरायचा नाही. त्याच गाडीत हान्स नसलेला मित्र फेरी मारणार असेल तर ७५ चाच बेल्ट ठेवा.

आता मागची बांधणी. एफआयएच्या नियमांप्रमाणे शोल्डर बेल्ट सीटच्या वरच्या कडेपासून मागे जाताना आडव्या रेषेच्या ४५ अंशांहून जास्त खाली जाऊ नयेत, आणि १० अंशांच्या आत ठेवावेत अशी शिफारस आहे. हान्सबरोबर ही शिफारस नियमासारखीच पाळा. २० अंशांपुढे जाऊ नका. बेल्ट मागच्या सीटच्या फ्लोअरला बांधला तर कोन फार उतरतो: बेल्ट खांदे खाली दाबतो, धडकेत मणका चेपतो, आणि योक छातीवरून खाली ओढला जातो. बांधणीची जागा खांद्यांच्या वर नेणं हीसुद्धा चूकच, मग बेल्ट योकला नीट दाबतच नाही.

उत्तम जागा म्हणजे सीटच्या लगेच मागे, रोल केजला जोडलेला आडवा पाइप. नियमांत त्याचं किमान माप ३८ × २.५ किंवा ४० × २ मिलिमीटर, कोल्ड ड्रॉन सीमलेस पोलादाचं. बेल्ट पाइपभोवती गुंडाळून तीन पट्ट्यांच्या बकलमधून परत ओवायचा, आणि उरलेलं टोक किमान १० सेंटीमीटर ठेवायचं. बकल पाइपला जेवढं चिकटून असेल तेवढं बरं. पाइपवर बेल्ट आडवा सरकू नये म्हणून दोन्ही बाजूंना थांबे हवेत.

दोन बेल्टच्या आतल्या कडांमध्ये पाइपवर साधारण ७५ मिलिमीटर अंतर ठेवा, म्हणजे ते योकच्या दिशेने आत येत जातात आणि मानेजवळ राहतात. आपल्याकडे सर्रास दिसणारी चूक म्हणजे खांद्यांच्या रुंदीइतकं अंतर ठेवून बांधलेले बेल्ट. उभं राहून बघितलं तर बांधणी सरळ आणि नीटनेटकी वाटते. प्रत्यक्षात ते बेल्ट योकला सतत बाहेर ओढत असतात. पाइप सीटपासून दूर असेल तर बेल्ट एकमेकांवरून ओलांडून नेण्याची पद्धत आहे, ती बेल्टच्या उत्पादकाच्या आकृतीप्रमाणेच करा. मागे जाणारा बेल्ट लांब असेल तर तो धडकेत जास्त ताणतो, हे आणखी एक कारण पाइप जवळ ठेवण्याचं.

पाइप नसेल आणि बेल्ट गाडीच्या पत्र्याला बांधायचे असतील तर प्रत्येक बोल्टमागे किमान ४० चौरस सेंटीमीटर क्षेत्रफळाची, ३ मिलिमीटर जाडीची पोलादी प्लेट, आणि बोल्ट किमान एम१२, ८.८ ग्रेडचा किंवा ७/१६ यूएनएफ. गॅरेजमधल्या डब्यातला हाताला लागेल तो बोल्ट वापरू नका. बोल्टच्या डोक्यावर ८.८ कोरलेलं आहे का, ते वाचून घ्या.

सीटकडे वळू. बेल्ट ज्या भोकांतून येतात ती तुमच्या खांद्यांच्या पातळीला असावीत. बुटक्या ड्रायव्हरला मोठ्या सीटमध्ये बेल्ट खांद्यावरून वर चढून मागे जातात, उंच ड्रायव्हरला सीटची भोकं बेल्ट खाली ओढतात. दोन्ही वेळा बसण्याची उंची बदला, सीटखालचे ब्रॅकेट बदला, किंवा सीटच बदला. सीटचं भोक कापून मोठं करणं किंवा योकला काप देणं हे कुठल्याही परिस्थितीत नाही.

हेडरेस्ट आणि हेल्मेट यांच्यात अंतर कमीत कमी हवं. मागून धडक बसली तर डोकं ५० मिलिमीटरहून जास्त मागे जाऊ नये, हा हिशोब. पण त्याच हेडरेस्टने हान्सची कॉलर पुढे ढकलता कामा नये. टेकत असेल तर आधी सीटचं सुटं पॅड पातळ लावून बघा, मग योकचा कोन.

बाजूने बसणाऱ्या धडकेत हान्सवर विसंबू नका. एसएफआय ३८.१ ची चाचणी सरळ समोरून आणि ३० अंश तिरकी होते. त्याहून आडव्या धडकेत डोकं सांभाळतात ते सीटचे पंख. जंगलातल्या किंवा घाटातल्या स्टेजवर गाडी झाडाला किंवा दरडीला कडेने जाऊन बसण्याची शक्यता मोठी, म्हणून रॅलीसाठी डोक्याच्या दोन्ही बाजूंना पंख असलेली सीट घ्या.

गाडीत बसण्याचा क्रम

बालाक्लाव्हा (आगीपासून वाचवणारं डोक्याचं कापडी आवरण), मग हान्स, मग हेल्मेट. बालाक्लाव्हाचं गळ्याजवळचं कापड सूटच्या कॉलरच्या आत खोचा. योकखाली जाड जाकीट किंवा फुगलेली घडी नको. मऊ थर धडकेत दबतो आणि तेवढी सैल जागा तयार होते.

टेदर गाडीबाहेर उभ्यानेच अडकवा. दोन्ही बाजूंना क्लिकचा आवाज आला पाहिजे, मग टेदर ओढून बघा. स्वतःचा अँकर स्वतःला दिसत नाही, तेव्हा को-ड्रायव्हरने ड्रायव्हरचे आणि ड्रायव्हरने को-ड्रायव्हरचे दोन्ही अँकर हाताने तपासायचे. फक्त एकच बाजू अडकलेली आहे, असं स्टेजच्या सुरुवातीला अनेकदा आढळतं. टेदरला पीळ नको.

बसताना कंबर सीटच्या तळाशी पूर्ण मागे नेऊन टेकवा. आधी क्रॉच बेल्ट (मांड्यांमधून येणारा) आणि लॅप बेल्ट (कमरेचा) बकलमध्ये घाला. लॅप बेल्ट पोटावर नाही, कमरेच्या हाडाखाली, मांडी आणि ओटीपोटाच्या सांध्यात. तो जोरात आवळा. नंतर शोल्डर बेल्ट योकवर मधोमध ठेवून आवळा. हा क्रम उलटा केला, म्हणजे आधी खांदे आवळले, तर बकल वर ओढलं जातं आणि लॅप बेल्ट पोटावर चढतो. धडकेत शरीर खालून सरकतं, आणि खांद्यांचा बेल्ट कितीही घट्ट असला तरी छाती योकखालून निघून जाते.

आवळून झाल्यावर चार गोष्टी बघा. हाताने योक डावी-उजवीकडे ढकला, तो बेल्टखालून सरकता कामा नये. हनुवटी खाली घ्या. थोडं अंतर मोकळं जाऊन टेदरने थांबवलं पाहिजे. दोन्ही बाजूचे आरसे डोकं वळवून दिसतात का बघा, दिसत नसतील तर आरसे हलवा, टेदर नाही. सुरुवातीचे दिवे बघायला मान वर करा, हेल्मेट मागे कॉलरवर अडकू नये. बेल्ट पहिल्या काही किलोमीटरनंतर सैल पडतात, कारण सूट आणि सीटचं पॅड दबतं. स्टार्टला उभे असताना शोल्डर बेल्ट पुन्हा एकदा ओढा.

बाहेर पडायचा सराव

अपघातानंतर टेदर सोडत बसायचं नाही. बकल फिरवा, बेल्ट झटका आणि हान्स हेल्मेटसकट तसंच घेऊन बाहेर पडा. पहिल्यांदा हे अवघड वाटतं: योकची टोकं सीटच्या पंखांत किंवा केजच्या पाइपात अडकतात. अडकू नये म्हणून आधी पुढे झुकायचं, मग खांदा आणि डोकं एकत्र वळवायचं. डावीकडून आणि उजवीकडून, दोन्ही दारांनी, डोळे मिटून सुद्धा हा सराव गॅरेजमध्ये करा, मेकॅनिकला जवळ उभं करून. इंटरकॉमची वायर ओढीने आपोआप सुटणारी आहे का हेही त्याच सरावात कळेल.

मार्शल किंवा डॉक्टर जखमीला बाहेर काढत असतील तर गोष्ट वेगळी. टेदर सोडायची क्लिप कुठे आहे आणि कशी उघडते हे टीममधल्या निदान एका माणसाला आंधळेपणी करता आलं पाहिजे. मानेला इजा असण्याची शक्यता असेल तर हेल्मेट काढायची घाई करू नका, ते प्रशिक्षित वैद्यकीय पथकाचं काम.

सांभाळ, आणि केव्हा फेकायचं

बेल्ट आणि टेदर यांचा मोठा शत्रू ऊन आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात बंद गाडीच्या मागच्या काचेखाली पडलेला हान्स काही महिन्यांत फिकट दिसतो, त्याबरोबर धाग्याची ताकदही जाते. सर्व्हिस पार्कमध्ये तो बॅगेत ठेवा. घामाने कडक झालेलं पॅड कोमट पाण्यात साध्या साबणाने धुऊन सावलीत वाळवा. पेट्रोल, थिनर, ब्लीच नको.

जोराच्या धडकेनंतर बेल्ट बदला. ताणला गेलेला पट्टा दिसायला नवा असतो, पण तो आपला ताण एकदा देऊन बसलेला असतो. डोकं आपटलेलं किंवा टेदर ताणले गेलेलं हेल्मेट बाद, टेदर बाद, आणि योक तपासणीसाठी उत्पादकाकडे. कार्बनच्या योकमध्ये आतला तडा वरून दिसत नाही.

सेकंडहँड घ्यायचं असेल तर योक घेता येतो: लेबल शाबूत, कुठेही चीर किंवा दुरुस्तीचा लेप नाही, अपघाताचा इतिहास माहीत, आणि त्यावर नवे टेदर. हेल्मेट आणि बेल्ट मात्र कधीच सेकंडहँड नाही. ते कुणाच्या डिकीत किती उन्हाळे पडले होते आणि किती वेळा आपटले होते, हे विकणारा सांगू शकत नाही.